दिसतो तो एक बुरूज. बाकीचा किल्ला कशावरून काढतात?

प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडमधल्या नॉरिच शहरात किल्ला म्हणून जे दाखवतात ती टेकाडावरची एकच चौकोनी दगडी इमारत आहे. आजूबाजूला रस्ते, दुकानं, बागेखाली दडलेला मॉल. पण पुस्तकांत आणि फलकांवर जी कल्पनाचित्रं असतात त्यांत त्याच इमारतीभोवती मोठी आवारं, एकापलीकडे एक खंदक, बांधांवर लाकडी कुंपणं, पूल, दरवाजे असं सगळं काढलेलं असतं. जमिनीवर यातलं जवळजवळ काहीच उरलेलं नसताना हा आराखडा आला कुठून, आणि त्यावर भरवसा किती ठेवायचा?

आला तो मुख्यतः खंदकांमधून. दगड गाडीत भरून नेता येतो, लाकूड कुजतं किंवा जळतं, मातीचा बांध सपाट करता येतो. मूळ जमिनीत सात-आठ मीटर खोल खणलेला खड्डा मात्र कुणाला उचलून नेता येत नाही. तो फार तर बुजवता येतो, आणि बुजवलेली माती शेजारच्या न हललेल्या जमिनीहून रंगाने, ओलाव्याने, घट्टपणाने वेगळी राहते, नऊशे वर्षांनंतरही. शहरी किल्ल्याच्या आराखड्याचं निम्म्याहून जास्त काम या कडा शोधण्याचंच असतं.

आधी शब्द ठरवून घेऊ. नॉर्मन, म्हणजे १०६६ मध्ये नॉर्मंडीतून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्यांच्या, किल्ल्यात मातीचं रचलेलं टेकाड असतं, त्याला मॉट म्हणतात. त्याच्या पायथ्याशी खंदक आणि बांधाने वेढलेलं आवार असतं, ते बेली. मॉटवरची किंवा बेलीतली मुख्य दगडी इमारत म्हणजे कीप. आपल्या भाषेत बेली म्हणजे कोट आणि मॉट-कीप मिळून बालेकिल्ला, असं ढोबळमानाने धरायला हरकत नाही. नॉरिचचा कीप साधारण २९ बाय २७ मीटरचा, २१ मीटर उंच. बांधकाम १०९४ च्या सुमारास सुरू झालं आणि ११२१ च्या आसपास संपलं. दर्शनी दगड समुद्रापलीकडून, नॉर्मंडीतल्या कां या गावाहून आणलेला. पण आज तुम्हाला दिसतो तो दर्शनी दगड तोही नाही. १८३५ ते १८३९ या काळात अँथनी साल्विन या वास्तुविशारदाच्या हाताखाली बाहेरचं सगळं आवरण बाथच्या दगडाने नव्याने चढवलं. म्हणजे जे डोळ्यांना दिसतं तेसुद्धा पुरावा म्हणून जसंच्या तसं धरता येत नाही.

पुरावा पाहण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा, जो चित्र पाहणारा सहसा विचारत नाही: हा आराखडा कोणत्या सालचा? नॉरिचचा किल्ला १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर लगेच उभा राहिला. १०७५ च्या राजाविरुद्धच्या बंडात इथला सरदार अर्ल राल्फ पळून गेल्यावर त्याची बायको एमा हिने तीन महिने तो लढवला, म्हणजे तोवर तो लढवण्याजोगा झालेला होता. तेव्हा दगडी कीप नव्हताच. माती, लाकूड आणि खंदक एवढंच. पुढे कीप आला, बाराव्या शतकात खंदकांची आणि दक्षिणेकडच्या प्रवेशाची फेररचना झाली, आणि १३४५ मध्ये राजा तिसऱ्या एडवर्डने किल्ल्याभोवतालची बरीच जमीन शहराला देऊन टाकली. १०७५ चा बांध, ११२१ चा कीप आणि तेराव्या शतकातला दरवाजा एकाच चित्रात दाखवला, तर तसा किल्ला कधीच अस्तित्वात नव्हता. त्यामुळे उत्खननात आपण आराखडा शोधत नसतो. एकावर एक पडलेले चार-पाच आराखडे वेगळे करत असतो.

काम सुरू होतं कागदावर. १०८६ च्या डूम्सडे नोंदणीत (राजाने करवलेली जमीन-मालमत्तेची नोंद) नॉरिचबद्दल लिहिलंय की एका हद्दीतली १७ आणि दुसऱ्या हद्दीतली ८१ घरं-जागा किल्ल्याच्या ताब्यात आहेत, एकूण ९८. लिंकनमध्ये किल्ल्यासाठी १६६ घरं गेली, श्रूझबरीत ५१, केंब्रिजमध्ये २७, ग्लॉस्टरमध्ये १६. यॉर्कमध्ये तर शहराच्या सात विभागांपैकी एक विभाग किल्ल्यांपायी उजाड झाला. हे आकडे पाहून भागाकार करायचा मोह होतो: इतकी घरं, दर घराला इतकी जागा, म्हणजे किल्ला इतक्या एकरांचा. तसं करू नका. नॉरिचच्या नोंदीत शब्द आहे ‘ताब्यात’. पाडलं असं तिथे म्हटलेलं नाही. जागा कागदोपत्री किल्ल्याकडे गेली पण घर उभंच राहिलं, असंही झालेलं असू शकतं. शिवाय हा १०८६ चा आकडा, त्यानंतरची वाढ त्यात नाही.

दुसरा कागद म्हणजे हद्दी. नॉरिचच्या किल्ल्याभोवती ‘कॅसल फी’ नावाचा पट्टा होता. तिथे शहराचा अंमल चालत नसे, राजाचा चाले. पट्टा शहराकडे गेल्यावरसुद्धा कीप आणि काउंटीचं न्यायालय असलेला तुकडा शहराच्या पोटात असूनही काउंटीचाच राहिला. अशा हद्दी फार चिवट असतात. खंदक बुजतो, त्यावर घरं चढतात, पण दोन घरांमधली सामाईक भिंत खंदकाच्या जुन्या कडेवरच उभी राहते, कारण मालकीची रेघ तिथेच होती. मॉटच्या उत्तर आणि पश्चिम अंगाने वळसा घालणारा कॅसल मेडो हा रस्ता नकाशात पाहा. आजूबाजूला त्याच्या वळणाचं दुसरं काही कारण सापडत नाही.

नकाशे मात्र जपून वापरायचे. नॉरिचचा विल्यम कनिंगहॅमने काढलेला १५५८ चा नकाशा हे पक्ष्याच्या नजरेतून काढलेलं देखणं चित्र आहे; त्यावरून ‘इथे खंदक होता’ एवढं म्हणता येतं, मोजमाप घेता येत नाही. मोजायचं तर १८८० च्या दशकातले ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे सरकारी नकाशा खात्याचे, १:५०० प्रमाणाचे शहरी नकाशे घ्यायचे, आजही उभ्या असलेल्या चर्चच्या कोपऱ्यांसारखे निदान दहा-बारा पक्के बिंदू धरून ते आजच्या नकाशावर बसवायचे आणि मग एकेक जुना नकाशा त्यांवर मागे मागे नेत लावायचा. चौथा-पाचवा नकाशा लावेपर्यंत चूक दहा मीटरच्या पुढे गेलेली असते, आणि ती आकड्यात लिहून ठेवली नाही तर पुढचा माणूस ती रेघ खरी मानून तिथेच चर खणतो.

आता जमीन. शहरात चुंबकीय मापन जवळपास निरुपयोगी: लोखंडी नळ, केबल, गाड्या. जमिनीत रडार सोडलं तर कोरड्या वाळूत दोन-तीन मीटर दिसतं, चिकणमातीत त्याहून कमी, आणि खंदकाचा तळ तर सात-आठ मीटरवर. मोकळी हिरवळ किंवा वाहनतळाची लांब पट्टी मिळाली तर विद्युत रोधाचा उभा छेद घेता येतो, त्यात बुजलेला खंदक बऱ्यापैकी दिसतो. खरा भरवसा बोअरवर. तेही अंदाजाने इकडे-तिकडे घ्यायचे नाहीत. संशयित खंदकाला काटकोनात जाणाऱ्या रांगेत, दर पाच मीटरला एक. खंदक २० मीटर रुंद असेल तर चार-पाच बोअर त्यात पडतात आणि खोली कडेकडून मध्याकडे कशी वाढते ते कळतं. दहा मीटरच्या अंतराने घेतले तर दोनच पडतील, आणि त्यातला एक नेमका जुन्या विहिरीत किंवा शौचखड्ड्यात गेला तर तुम्ही नसलेला खंदक काढून बसाल. शंका आली की त्याच बोअरच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरवर आणखी एकेक घ्यायचा.

गोल खंदकाबाबत आणखी एक साधी गोष्ट विसरली जाते. एका रेषेत नसलेल्या कोणत्याही तीन बिंदूंतून वर्तुळ जातंच. तीन ठिकाणी खंदकाची कड सापडली म्हणून कंपास फिरवला तर सुंदर वर्तुळ मिळेल, पण ते सिद्ध काहीच करत नाही. चौथा बिंदू त्या रेघेवर पडतो का, यावर सगळं ठरतं.

नॉरिचमध्ये बोअरच्या कामाला अजून एक कारण आहे. शहराखाली मऊ चुनखडी आहे आणि तिच्यात जुन्या खाणींचे बोगदे. १९८८ मध्ये अर्लहॅम रस्त्यावर अशाच एका पोकळीचं छत खचलं आणि दुमजली बस मागच्या बाजूने खड्ड्यात जाऊन बसली. बोअरमध्ये अचानक पोकळी लागली तर ती किल्ल्याची ‘गुप्त वाट’ नसते, हे स्थानिक वार्ताहरांना दरवेळी नव्याने सांगावं लागतं.

मग छेद. खंदकाचा आडवा छेद हा या सगळ्या कामाचा गाभा आहे आणि खर्चाचाही. आधाराशिवाय उभी कड साधारण १.२ मीटरच्या वर ठेवायची नाही असा इंग्लंडमधला जुना संकेत आहे, आणि सैल भरावात तेवढ्यावरही विसंबू नये. मग पायऱ्या घ्यायच्या: १.२ मीटर खाली, १.२ मीटर आत. ७.२ मीटर खोल जायचं तर सहा टप्पे, दोन्ही बाजूंना पाच-पाच पायऱ्या, तळाला कामापुरते दोन मीटर. म्हणजे वर १४ मीटर रुंद तोंड हवं. शहरात एवढी जागा देणार कोण? म्हणून बहुतेक खोल छेद इमारतीच्या तळघराच्या खोदकामाबरोबर टप्प्याटप्प्याने नोंदवले जातात: मशीन थोडं उतरतं, थर नोंदवले जातात, पुन्हा मशीन. यात हमखास होणारी चूक अशी: वरच्या टप्प्यातला एक थर आणि खालच्या टप्प्यातला त्याचाच उरलेला भाग यांना दोन वेगळे क्रमांक पडतात आणि नंतर कागदावर दोन वेगळे थर तयार होतात. प्रत्येक टप्प्याच्या तळाशी थरांच्या सीमारेषा त्रिमितीय निर्देशांकांसह मोजून ठेवल्या तरच तुकडे परत जुळतात.

छेद समोर आला की खालून वाचायचा. तळाशी असते ती खंदकाच्या कडांवरून पहिल्या काही हिवाळ्यांत सुटून पडलेली भरड रेती. ती दोन्ही बाजूंना सारखी नसते. ज्या बाजूला बांध होता त्या बाजूने माती जास्त घसरते, म्हणून गाळाचा थर तिकडे जाड असतो. या एका गोष्टीवरून खंदकाची आतली बाजू कोणती आणि बाहेरची कोणती हे कळतं, बांधाचा एक कणही उरलेला नसताना. शेजारशेजारच्या दोन आवारांत कोणता खंदक कोणाचा, हा वाद बहुधा इथेच मिटतो.

मधले थर सांगतात पाणी होतं की नाही. चित्रकारांना पाण्याने भरलेला खंदक आवडतो. नॉरिचचा किल्ला बेर स्ट्रीट ज्या उंच धारेवरून येतो तिच्या टोकाला, वाळू-रेतीवर आहे. तिथे पाणी कसं टिकेल? पाणी खरंच होतं का हे पाहायला गाळातले सूक्ष्म शैवालांचे सांगाडे आणि पाणगोगलगाई तपासतात. नुसता काळा रंग पाहून ‘पाण्याचा गाळ’ असं लिहिणं चूक. शहरी कचरा कुजूनही तोच रंग येतो.

वरचे थर मुद्दाम टाकलेले. मातीचे उतार कोणत्या बाजूने खाली येतात त्यावरून कचरा कुणी टाकला ते समजतं, आणि शहरी किल्ल्यात ते उतार बहुधा शहराकडून येतात. नॉरिचच्या खंदकांत आणि बार्बिकनच्या, म्हणजे पुढच्या दरवाज्याच्या, विहिरीत गुरांच्या शिंगांची गाभ्याची हाडं भरपूर निघाली: शिंगांच्या वस्तू करणाऱ्या कारागिरांचा तो कचरा. किल्ल्याची लष्करी गरज संपत आल्याची तारीख राजाच्या दप्तरात शोधण्यापेक्षा इथे लवकर सापडते.

आता सगळ्यात जास्त फसवणारी जागा. खंदकाच्या तळाशी तेराव्या शतकाचं खापर मिळालं म्हणून खंदक तेराव्या शतकात खणला, असं म्हणता येत नाही. वापरातला खंदक वेळोवेळी उपसतात. तळाचा गाळ शेवटच्या सफाईनंतरचा असतो. त्याच्या आधीची शंभर-दोनशे वर्षं फावड्याने उपसून बाहेर टाकलेली असतात. खणल्याची तारीख खंदकाच्या आत मिळतच नाही. ती दोन ठिकाणी मिळते: खंदकाने कापलेला सर्वांत अलीकडचा थर किंवा खड्डा, आणि खंदकातून निघालेल्या मातीखाली दबलेली जमीन. खंदकाच्या कडेचा सरळ उतार मध्येच पायरीसारखा मोडत असेल तर तो बहुधा पुन्हा खणल्याचा पुरावा. मूळ खंदकाची कड पायरीच्या वर आणि नव्याची खाली अशी वेगळी काढावी लागते. न्यूकॅसलला ब्लॅक गेटजवळचा किल्ल्याचा खंदक १९७४ ते १९७६ मध्ये असाच थराथराने उकलला, आणि त्या भरावांचा क्रम पुढे त्या भागातल्या मध्ययुगीन खापरांची कालसाखळी लावायला उपयोगी पडला.

बांधाखाली दबलेली जमीन हा तर खजिना. खंदकातली माती उलट्या क्रमाने बाहेर पडते. आधी वरची काळी माती निघते म्हणून ती तळाशी; मग रेती, मग चुनखडी, ती सर्वांत वर. मूळ जमिनीच्या वर काळी माती, तिच्यावर स्वच्छ रेती, असा उलटा क्रम दिसला की तो खंदकाचा उपसा समजावा. त्याच्याखाली किल्ल्याच्या आदल्या दिवसाचं शहर जसंच्या तसं बंद असतं. नॉरिचच्या ईशान्य बेलीत १९७९ च्या उत्खननात सॅक्सन, म्हणजे नॉर्मन विजयाआधीच्या, काळातलं लाकडी चर्च आणि शंभराहून जास्त दफनं मिळाली. विंचेस्टरला १९६७ ते १९७१ मध्ये किल्ल्याच्या मातीकामाखाली घरं आणि फरसबंदीवर फरसबंदी चढवलेला अख्खा रस्ता निघाला. ऑक्सफर्डच्या मॉटखाली १९५२ मध्ये सॅक्सन खड्डे, लिंकनच्या किल्ल्यात २०१३ मध्ये दगडी शवपेटी आणि जुन्या चर्चचे अवशेष, न्यूकॅसलला कीपच्या आसपास किल्ल्याआधीची मोठी दफनभूमी. आपल्या खेड्यांतल्या जुन्या वस्तीच्या मातीला जसं पांढर म्हणतात, तशी ही या शहरांची पांढर, फक्त बांधाच्या वजनाखाली सीलबंद झालेली. चर्चसुद्धा सोडलं नाही, यावरून किल्ल्याची जागा कुणी कशी निवडली याचा अंदाज येतो.

जागेच्या निवडीचा आराखड्यावर थेट परिणाम होतो. विंचेस्टर, लिंकन, एक्सेटर इथे रोमन तट उभे होते, म्हणून किल्ला तटाच्या कोपऱ्यात बसवला: दोन बाजू आयत्या मिळाल्या, खंदक-बांध फक्त शहराकडच्या बाजूंना करायचा. लिंकनच्या बांधात रोमन पश्चिम दरवाजा गाडला गेला होता. १८३६ मध्ये तो खणताना उघडा पडला आणि थोड्याच दिवसांत कोसळला. नॉरिचला १०६७ च्या सुमारास असा तट नव्हता (शहराची दगडी भिंत १२९७ नंतरची), त्यामुळे किल्ला सरळ वस्तीच्या मध्यात आणि खंदक चारही अंगांना.

मातीचा हिशोब करून पाहिला की बऱ्याच कल्पना गळून पडतात. उदाहरणासाठी सोपे आकडे घेऊ. टेकाडाची तळत्रिज्या ६० मीटर, माथ्याची ४०, उंची १२. घनफळ होतं सुमारे ९५ हजार घनमीटर. त्याभोवती २५ मीटर रुंद, ९ मीटर खोल, इंग्रजी व्ही आकाराचा खंदक, मध्यरेषेची लांबी ४५५: सुमारे ५१,२०० घनमीटर. खणलेली माती फुगते म्हणून वीस टक्के वाढवा: ६१ हजारांच्या आसपास. म्हणजे ३४ हजार घनमीटर कमी पडतात. मग एक तर टेकाडाच्या पोटात नैसर्गिक उंचवटा आहे, किंवा दुसऱ्या खंदकाची माती इथे आली, किंवा टेकाड एकदम एवढं नव्हतंच, नंतर वाढवलं. तिन्ही शक्यता बोअरने तपासता येतात: नैसर्गिक उंचवटा असेल तर टेकाडाच्या मध्यावर मूळ जमीन अपेक्षेपेक्षा उंच लागेल, नंतर वाढवलं असेल तर मध्येच गवताळ मातीची गडद पट्टी लागेल.

रचलेल्या मातीवर दगड चढवला की काय होतं ते यॉर्कच्या क्लिफर्ड्‌स टॉवरमध्ये पाहावं. ११९० मध्ये वरचा लाकडी बुरूज जळाला (शहरातल्या ज्यू लोकांनी त्यात आसरा घेतला होता, ती हकीकत फार भीषण आहे), पुन्हा बांधलेला १२२८ मध्ये वादळात पडला, १२४५ नंतर दगडी आला, आणि शंभर-सव्वाशे वर्षांत तो दोन जागी वरपासून खालपर्यंत फाटल्याची नोंद झाली, कारण टेकाड खचलं. १९०२ च्या खोदकामात त्याच टेकाडात जळक्या लाकडांचा थर मिळाला. भिंतीतल्या तड्यांची जागा आणि दिशा हाही आराखड्याचाच पुरावा: एकोणिसाव्या शतकातल्या साध्या घरांचे तडे एका वक्ररेषेत येत असतील तर खाली बुजलेल्या खंदकाची कड आहे का, ते आधी बघावं.

भिंतींकडे वळू. शहरातला किल्ला पडला की पहिल्यांदा दगड जातो. आपल्याकडे गढीची पांढरी माती धाब्याच्या घरांवर टाकायला लोक नेतात, तसंच. पायासुद्धा उकरून काढतात, आणि उरतो तो पायाचा रिकामा चर: सरळ कडांचा, चुन्याच्या चुऱ्याने आणि बारीक खडकाळ भरावाने भरलेला. तो भराव आधी पूर्ण वेगळा काढायचा, मग चराच्या कडांना चुना चिकटून राहिलाय का ते पाहायचं. तो असेल तिथे भिंतीची खरी जाडी मिळते. नाही तर तुम्ही दगड काढणाऱ्याने सोयीसाठी रुंद केलेला खड्डा मोजता आणि दोन मीटरची भिंत तीनची करून ठेवता. भरावातलं खापर दगड चोरीला गेल्याचा काळ सांगतं, भिंत बांधल्याचा नाही. विंचेस्टरच्या ओल्ड मिन्स्टर या जुन्या चर्चचा जवळजवळ सगळा आराखडा अशा रिकाम्या चरांवरूनच काढला गेला. खोदकामातल्या थरांचे परस्परसंबंध एका तक्त्यात मांडण्याची एडवर्ड हॅरिसची पद्धत, जी आज जगभर वापरतात, ती १९७३ मध्ये विंचेस्टरच्याच नोंदी लावताना सुचली. तिथली गुंतागुंत पाहिली की ती तिथेच का सुचली ते कळतं.

काही वेळा भिंत उरतेही, आणि ती उरते तुरुंगामुळे. ऑक्सफर्ड, ग्लॉस्टर, यॉर्क, लिंकन, नॉरिच: सगळीकडे किल्ल्याचा तुरुंग झाला. नॉरिचला तो १८८७ पर्यंत होता, ऑक्सफर्डला १९९६ पर्यंत, ग्लॉस्टरला २०१३ पर्यंत. सरकारी जागा म्हणून बाहेरची हद्द शाबूत राहते, पण आतली जमीन कोठड्यांच्या पायांनी चाळण झालेली असते. ग्लॉस्टरचा कीप नाहीसा झाल्याचं धरून चाललेले असताना २०१५ मध्ये तुरुंगाच्या व्यायामाच्या अंगणात, बास्केटबॉलच्या मैदानाखाली, त्याच्या जाड भिंती निघाल्या.

दरवाजा सापडला की आराखड्याला तोंड येतं. शहरी किल्ल्याला बहुधा एक दरवाजा शहराकडे आणि एक बाहेर रानाकडे असतो. लिंकनला पूर्व दरवाजा शहरात उघडतो, पश्चिमेचा बाहेर. शहर उठलं तर बाहेरून मदत यावी, ही सोय. पुलाचा पुरावा खंदकाच्या तळात शोधायचा: समोरासमोरचे खांबांचे खड्डे, आडव्या तुळयांचे खाचे, किंवा मुद्दाम न खणता सोडलेली जमिनीची पट्टी. या शेवटच्याबाबत सावध राहावं. नॉरिचच्या बेलींच्या जागेवर १९६० पर्यंत गुरांचा बाजार भरत असे. अशा जागी गुरं उतरवण्यासाठी नंतर टाकलेला उतार आणि जुना मातीचा पूल वरून सारखेच दिसतात. भराव खंदकाच्या गाळावर बसलाय की खाली मूळ जमीन आहे, एवढं पाहिलं की फरक कळतो. नॉरिचला दक्षिणेकडून मॉटवर जाणारा दगडी कमानीचा पूल मात्र अजून आहे, आणि त्याची दिशा बेर स्ट्रीटकडे आहे.

बेलीच्या आत काय होतं, यावर बोलण्यासारखं सर्वांत कमी असतं. लाकडी इमारतींचे खांबखड्डे एखाद मीटरही खोल नसतात. नंतरच्या तळघरांनी दोन-तीन मीटर कापलं की ते गेले. जिथे थर उरले आहेत तिथे प्रत्येकातून ४० ते ६० लिटर माती घेऊन ती पाव मिलिमीटरच्या चाळणीवर तरंगवून धुतात. हरणांची आणि मोठ्या पक्ष्यांची हाडं आपल्याला स्वयंपाकघराजवळ नेतात, लोहाराच्या ऐरणीभोवतीचे चुंबकाला चिकटणारे कण कार्यशाळेजवळ, अंजिराच्या बिया आणि जंतांची अंडी शौचखड्ड्याजवळ.

कालमापनाबद्दल थोडक्यात. कार्बन-१४ ने शंभर-दीडशे वर्षांचा पट्टा मिळतो. किल्ला १०६६ च्या आधीचा की नंतरचा हे त्याने ठरत नाही. ओक लाकडावर झाडाची साल शिल्लक असेल तर वृक्षवलयांवरून तोडल्याचं वर्ष मिळतं. साल नसेल पण बाहेरच्या कोवळ्या लाकडाची सुरुवात दिसत असेल, तर इंग्लंडमध्ये तिथून पुढे साधारण ९ ते ४१ वलयं धरतात. खापरांत थेटफर्ड पद्धतीची सॅक्सन खापरं किल्ल्याच्या थरांतही ढिगाने मिळतात, कारण शहरातली माती सतत वर-खाली होते. थराची तारीख त्यातल्या सर्वांत नव्या तुकड्यावर ठरते, बहुमतावर नाही.

नॉरिचच्या आराखड्यातला मोठा भाग आला तो १९८७ ते १९९१ दरम्यान, कॅसल मॉलच्या आधी झालेल्या उत्खननातून; तेव्हाच्या युरोपातल्या मोठ्या शहरी उत्खननांपैकी ते एक. त्याने मुख्यतः दक्षिणेकडचा भाग उघडला. म्हणून चित्रावरचा भरवसा सगळीकडे सारखा ठेवू नका. मॉट आणि कीपची जागा पक्की. दक्षिण बेली आणि बार्बिकनचे खंदक उत्खननात कापले गेलेत, तेही मानावेत. ईशान्य बेलीची रेघ काही ठिकाणी खणून तपासलेली, काही ठिकाणी रस्त्यांच्या वळणांवरून जोडलेली. बांधांची उंची हिशोबाने काढलेली. कुंपणाच्या लाकडांची टोकं, कोठारांची छपरं, दरवाज्यातली माणसं ही चित्रकाराची. मूळ अहवालातला नकाशा मिळाला तर आधी त्यातल्या रेघा पाहा: खणून पाहिलेली कड अखंड रेघेने काढतात, अंदाजाची तुटक. कल्पनाचित्र करताना पहिल्यांदा जाते ती हीच तुटक रेघ.